झूलवाले आणि बिनझुलीचे

आता मला सांगा, अर्ध्या गालावर दाढीचा फेस असताना माणूस भांडायला उठतो का? उठतो. आमच्या दुकानात उठतो. आणि कशापायी, तर पिक्चरमधल्या त्या निळ्या कपड्यातल्या उडणाऱ्या माणसाच्या पाठीवर लाल झूल असावी की नसावी, यापायी. ते तिला केप म्हणतात, म्हणोत बापडे, पाठीवरून लोंबते ती झूल... चाळीस-चाळीस वर्षांचे बाप्ये, पोराबाळांचे बाप, स्वतःच्या गळ्याला दुकानाचं पांढरं कापड बांधून बसलेले, आणि तावातावाने बोलतात दुसऱ्याच्या झुलीवर.

तुम्हाला सांगते, माझा मुलगा मुळात गरीब स्वभावाचा. सलून त्याच्या वडिलांच्या हातचं, दोन खुर्च्या, एक बाक, एक लांब आरसा, मागे पडदा आणि पडद्यामागे आमची खोली, त्यामुळे बाहेर कोण शिंकलं ते मला भाजी निवडता निवडता कळतं. वडिलांनी वस्तरा हातात देताना त्याला एकच सांगितलं होतं, खुर्चीत बसलेल्याशी वाद घालायचा नाही, त्याचा गळा उघडा असतो. झालं. याने ते असं काही मनावर घेतलं की गिऱ्हाईक म्हणालं उकडतंय, तर याला घाम फुटतो, आणि पुढचा म्हणाला आज गारठा आहे, तर हा खांदे आवळतो.

मग त्या उडणाऱ्याचा नवा पिक्चर येणार म्हणून हे झुलीचं सुरू झालं. चित्रकलेचे मास्तर यायचे मंगळवारी. ते झूलवाले. खुर्चीत बसल्या बसल्या सुरू, "अरे, मूळ पुस्तकात झूल आहे, तिच्या चुण्यांवरून तर कळतं तो किती जोरात उडतोय ते, झूल काढली की उरला काय, पोहायला निघालेला माणूस." हा म्हणायचा, "अगदी खरं, मास्तर." बुधवारी यायचा कुरियरवाला. तो बिनझुलीचा. "काका, मी दिवसभर गाडीवर असतो, पाठीमागे फडफडणारं कापड चाकात कधी जाईल सांगता येत नाही, वेगवाल्या माणसाला झूल परवडत नाही." हा म्हणायचा, "परवडतच नाही." वर मंगळवारचं पोहणं शुक्रवारच्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि बुधवारचं चाक शनिवारच्या. मास्तरांना वाटलं हा आपला, कुरियरवाल्याला वाटलं हा आपला, आणि पिक्चर? पिक्चर याने पाहिलेला नव्हता. त्या उडणाऱ्याचा आधीचा एकही नाही. सुट्टीच्या दिवशीच दुकानाला गर्दी, जाणार कधी?

पिक्चरच्या कंपनीवाले तर त्याहून पोचलेले. एक माणूस येऊन पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा तो निळा माणूस आमच्या दारात उभा करून गेला. खांद्यांमागे ढग काढलेला. आता त्या ढगात झूल आहे की नाही, सांगा. मग ट्रेलर का काय ते आलं, त्यात म्हणे डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर मागून काहीतरी लाल जातं. मास्तर म्हणाले झूल, कुरियरवाला म्हणाला आगीचा लोळ, आणि आमच्या बाकावर दोन तट पडले. नातीला म्हटलं, अगं, फोनवर तरी शहाणे असतील. ती म्हणाली, आजी, तिथे तर आईबापांवरून चाललंय. आणि गंमत बघा, शुक्रवारी पिक्चर लागला तर दोन्ही तटांनी पहिल्याच खेळाची तिकिटं काढली, कंपनीचं काय बिघडलं?

पिक्चर बघून आले ते दुप्पट चिडून. झूल होती, पण शेवटची दहाच मिनिटं. मास्तर म्हणाले दहाच का, कुरियरवाला म्हणाला दहा तरी कशाला. तेव्हापासून माझ्या मुलाचा जीव थाऱ्यावर नाही. पुसलेला आरसा परत पुसायचा, गिऱ्हाईक नसताना हवेत कात्री चालवायचा. कारण समोरच काचेचं सलून उघडलंय, आत थंड हवा, केस धुवायला खुर्ची मागे कलते. आमची तीन जुनी डोकी गेलीच तिकडे. मास्तरांच्या मागे अख्खी शाळा, कुरियरवाल्याच्या मागे त्याचं अख्खं गोदाम. एक तट रुसला की एक खुर्ची रिकामी, दोन्ही रुसले की पाटी उतरवायची. जेवताना म्हणाला, "आई, हे दोघं एका वेळी आले नाहीत म्हणजे मिळवली."

आले ना. त्याच रविवारी. मास्तर या खुर्चीत, कुरियरवाला त्या. मास्तरांच्या अर्ध्या गालावर फेस. मास्तर आरशातूनच म्हणाले, "हा बघ, याला विचार, झूल हवीच म्हणतो." कुरियरवाला म्हणाला, "काका? काका आमच्यातले आहेत." आणि मास्तर उठले. गळ्यात कापड, गालावर फेस, आणि बोट माझ्या मुलाच्या नाकासमोर, "सांग. आत्ता सांग."

मी पडद्याआड, हातातली शेंग हातात. वाटलं, एवढ्या बाप्याला आत ओढून घ्यावं. आणि याच्या तोंडून निघालं काय, तर, "मी त्याचा एकही पिक्चर पाहिलेला नाही."

"पाहिलेला नाही? मग दोन महिने बोलतोयस ते?"

"तुम्ही बोलत होता तेच मी बोलत होतो, मास्तर."

मला वाटलं, गेले आता समोर. पण नाही हो. त्या दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं काही घरात बिनऔषधाचा आजारी सापडलाय. मास्तरांचा उरलेला गाल भरभर करून घेतला आणि दोघं याला दंडाला धरून दुपारच्याच खेळाला घेऊन गेले. हा मध्ये, मास्तर डावीकडे, कुरियरवाला उजवीकडे. डाव्या कानात मास्तर, बघ चुण्या, उजव्या कानात कुरियरवाला, बघा कसा अडकतोय. बाहेर आल्यावर दोघं पुढ्यात उभे. बोल.

आणि माझ्या मुलाने जन्मात पहिल्यांदा स्वतःचं मत दिलं. म्हणाला, "झुलीचं काही कळलं नाही मला. पण तो पडत्या इमारतीत शिरतो तेव्हा मानेवरचे केस ताजे कापलेले आहेत, कॉलरच्या वर बोटभर कातडी दिसते. दुसऱ्या दाराने झूल घालून बाहेर येतो तेव्हा केस कॉलरवर टेकलेत. दोन महिन्यांची वाढ आहे ती. आणि कल्ले दुसऱ्याच हातचे आहेत. आधीचा कापणारा डावखुरा होता."

मास्तर खालीच बसले, पायरीवर. कुरियरवाल्याने फोन काढला, कुणीतरी टाकलेल्या चोरट्या कॉपीत दोन्ही माना शोधून काढल्या. म्हणजे, तुमच्या लक्षात येतंय ना, शेवट आधी वेगळा होता. कंपनीने तो काढून टाकला, दोन महिन्यांनी माणसाला परत उभं केलं आणि नवा शेवट चिकटवला. मास्तर म्हणाले, "मूळ पिक्चरमध्ये झूल पहिल्यापासून असणार." कुरियरवाला म्हणाला, "मूळ पिक्चरमध्ये झूल नसणारच." आणि दोघांनी हातात हात घातले, कारण दोघांना आता मूळ पिक्चरच पाहिजे.

रात्र उलटायच्या आत ते मानेचे फोटो जगभर. नात वाचून दाखवत होती, "आजी, लोक बाबांना जाणकार म्हणताहेत." कंपनीने सांगितलं, प्रकाशाचा फरक आहे. प्रकाशाने केस वाढतात होय? बाहेरगावचे लोक दुकानाच्या पाटीसमोर उभे राहून फोटो काढून गेले. माझा मुलगा दोन दिवस असा ताठ चालत होता की मलाही बरं वाटलं, म्हटलं आता समोरचं काचेचं सलून बघत बसेल.

तिसऱ्या दिवशी झूलवाल्यांनी आणि बिनझुलीच्यांनी मिळून शपथ घेतली. कुठे, तर आमच्याच बाकावर. कंपनी मूळ पिक्चर दाखवत नाही तोवर कोणी केस कापायचे नाहीत. दाढीसुद्धा नाही. शाळेने घेतली, गोदामाने घेतली, समोरून आमची तीन जुनी डोकी परत आली आणि त्यांनीही घेतली. यानेच त्यांना चहा दिला.

आता दुकान सकाळपासून भरलेलं असतं, बसायला जागा नाही, सगळे त्याला मान देऊन बोलतात, आणि वस्तऱ्याला पाणी लागून अडीच महिने झाले. आज सकाळी कुरियरवाला आला, खुर्चीत बसला. याने सवयीने कापड झटकलं.

"नको काका, शपथ आहे. रबरबँड असला तर द्या, हेल्मेटमध्ये केस डोळ्यांवर येतात."

याने खण उघडून दिला.

"दोन द्या ना. मास्तरांनी पण मागितलाय."