रिकामा घास

डॉक्टर: ...तोंड मिटू नका, आजी. सूज गळ्याकडे उतरलीये. खालचे उरलेले चारही दात आजच काढावे लागतील.

आजी: आज नको, बाई. गोळ्या द्या. पंधरा दिवसांनी येते.

डॉक्टर: पंधरा दिवसांत काय होणार आहे?

आजी: काहीतरी सुचेल मला. बाहेर हे बसलेत ना, शेजारणीने हात धरून ठेवलाय, ते चावायचंच विसरलेत. डोकं साथ देत नाही आता. घास तोंडात धरून बसतात, गाल फुगवून. मी समोर बसून चावायला लागले की तेही चावतात. मी थांबले की थांबले.

डॉक्टर: तुमचं बघून?

आजी: पन्नास वर्षं माझं एक ऐकलं नाही. आता माझ्या जबड्याचं ऐकतात.

डॉक्टर: पण या दातांनी तुम्ही चावता कशा? नुसता हात लावला तरी कळवळताय.

आजी: चावते कुठे! महिना झाला, रिकामंच तोंड हलवते. यांचं आटोपलं की ओट्यापाशी उभी राहून चहात बिस्किट बुडवून खाते.

डॉक्टर: तरीच एवढ्या वाळलात. त्यांच्या लक्षात नाही आलं?

आजी: आलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

डॉक्टर: मग रिकामं चावायला दात कशाला हवेत?

आजी: अहो, चेहरा बदलतो! ओठ आत जातो. पोटच्या मुलाला ओळखत नाहीत, तो समोर बसला तर ताट लोटून देतात. उद्या मला बघून तसंच केलं तर? जीव टांगणीला लागलाय माझा.

डॉक्टर: आणि सूज वाढून श्वास अडला, तुम्हाला इस्पितळात ठेवून घेतलं, तर आठ दिवस ते कुणाकडे बघून जेवणार?

आजी: भीती घालू नका हो.

डॉक्टर: घालत नाहीये. मलाच वाटतेय.

आजी: ...द्या सुई. पण पाचला यांची गोळी असते, त्याआधी पोटात काहीतरी लागतं. तेवढ्यात आटपा.

(तासाभराने. त्याच खोलीत. आजोबांना आजींसमोर स्टुलावर बसवलं आहे.)

डॉक्टर: रक्त थांबलंय, बोळा काढलाय. जबडा अगदी हळू हलवा, नाहीतर पुन्हा रक्त येईल.

आजी: आरसा आहे का?

डॉक्टर: आरसा नंतर.

शेजारीण: काकू, पावाचा तुकडा दिलाय त्यांना. नुसता धरून बसलेत. टक लावून बघताहेत तुमच्याकडे.

आजी: परक्या बाईकडे बघावं तसं?

शेजारीण: काही कळत नाही हो.

आजी: अहो, इकडे बघा. मीच आहे. ...डॉक्टर, ओठ सगळा बधिर झालाय. माझं तोंड हलतंय का?

डॉक्टर: हलतंय, आजी. थांबू नका.

शेजारीण: काकू... हलला. गाल हलला त्यांचा!

आजी: मग मला बोलायला लावू नका आता. एवढा घास उतरू दे.