फाटकाला थांबा नाही

माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे ड्रायव्हरकाका, त्यांना इतकी वर्षं पहाटे उठून डबा बांधून देणाऱ्या काकू, डेपोतले माझे सहकारी, आणि एरवी दारात लोंबकळणारे पण आज चक्क खुर्च्यांवर बसलेले आमचे प्रवासी बंधुभगिनींनो,

मी काकांची कंडक्टर. तिकिटाचं मशीन गळ्यात नसलं की हातांचं काय करावं ते मला कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

काकांबद्दल काय सांगू? तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस. इंजिन बिघडलं तरी "हं", नीट झालं तरी "हं". पण एका गोष्टीत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. जुन्या रेल्वे फाटकापाशी बस थांबलीच पाहिजे आणि कंडक्टरने उतरून दोन्हीकडे बघितलंच पाहिजे. नियमच आहे तसा. आता ती रेल्वे बंद पडून किती काळ लोटला, रुळांत माणसाएवढी झुडपं झाली. तरी मी आपली उतरायची, झुडपांकडे निरखून बघायची, हात दाखवायची. माझे वडील त्याच फाटकावर गेटमन होते. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "नीट बघत जा हो बाई, उशिराने धावत असेल."

पण बस थांबते म्हटल्यावर वरच्या वस्तीतली माणसं तिथे येऊन उभी राहायला लागली. त्यांत माझी वहिनीही. तिला डायलिसिससाठी मोठ्या दवाखान्यात जावं लागतं, आणि एवढा उतार उतरतानाच तिचा जीव मेटाकुटीला येतो. काका बस अशी लावायचे की दाराची पायरी बरोबर कडेच्या उंचवट्याला यावी. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

अध्यक्षसाहेब, माझी अडचण इथून सुरू होते. आमच्या मशीनमध्ये फाटक हा थांबाच नाही. तिथे चढणाऱ्याला मागच्या थांब्याचं, म्हणजे गिरणीचं तिकीट द्यायचं असा दंडक आहे, आणि मी तेच देत आले. आपल्या वाहतूक समितीने तिकिटांवरून अंदाज काढला. गिरणीपाशी ही गर्दी, आणि वरच्या वस्तीत चिटपाखरू नाही. गिरणीला लागूनच जुनं स्टेशन. झालं, रेल्वे पुन्हा सुरू करायचं ठरलं. काकांच्या जागी माणूस घ्यायचा नाही, सोमवारपासून आमची फेरी बंद, आणि तो पैसा रुळांना.

रेल्वे नको असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तिच्याच पगारावर आमचं घर चाललं. बातमी आली त्या दिवशी वडिलांनी ट्रंकेतलं हिरवं निशाण काढून धुतलं, इस्त्री केली. लोकांचा पैसा लोकांच्या गाडीला लागला तर त्यात वाईट काय? मलाही ती यायला हवी आहे, खरंच. पण ज्या माणसांच्या जोरावर ती मंजूर झाली, ती माणसं गिरणीपाशी राहतच नाहीत.

मी वडिलांना विचारलं, "फाटकाला गाडी थांबेल का हो?"

ते म्हणाले, "फाटकाला गाडी कधी थांबलीय? तिथं माणसं थांबतात." मग त्यांचं लक्ष वहिनीकडे गेलं. निशाण परत ट्रंकेत गेलंय.

काल शेवटच्या फेरीला वहिनीने उतरताना विचारलं, "काका, सोमवारी कसं?" काकांनी "हं"सुद्धा केलं नाही. मी उतरले, दोन्हीकडे बघितलं, हात दाखवला. बस बराच वेळ हलली नाही.

काका, तुम्हाला आणि काकूंना निवांत, निरोगी आयुष्य लाभो. हा कार्यक्रम घडवून आणणाऱ्या सगळ्यांची मी आभारी आहे. निरोपाच्या जागी हे गाऱ्हाणं नको होतं, कळतं मला. अधिकउणं बोलले असेन तर लेक समजून पोटात घाला.

आणि अध्यक्षसाहेब, आपली मोटार रोज त्याच रस्त्याने जाते. सोमवारी सकाळी वहिनी तिथे उभी असेल. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. फाटक उघडंच असतं, रुळांवर काही येत नाही, थांबायचं तसं काही कारण नाही. तरी थांबा.