सिद्धाप्पाची डावी पोटरी

...आणि एवढं सगळं करून वर म्हणायचं काय, तर चाला! म्हंजे पोटाला पाच भोकं पाडायची, आतली जठराची पिशवी कापून केळाएवढी ठेवायची, दुर्बिणीतनं टाके घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटजवळ येऊन म्हणायचं, उठा सिद्धाप्पा, चालायचंय. कुणाला म्हणताय? जो माणूस कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आपल्या दुकानातनं समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा न्हाय, चहावालाच ज्याच्याकडं चालत यायचा, त्याला? तुम्हाला सांगतो, पुण्याच्या त्या हॉस्पिटलात सिद्धाप्पा दोन नर्सांच्या मधनं सात पावलं चालला आणि आठव्या पावलाला त्याला वाटलं, सुटला आतला टाका, संपलं आता.

न्हाय सुटला. पण त्या दिवसापासनं त्याला प्रत्येक पावलाला तसंच वाटायला लागलं, त्याला काय करणार?

ही गोष्ट दोन हजार आठची. सिद्धाप्पा दोरखंडाचा व्यापारी, कासरे, दावी, मांडवाचे सोल, सगळं त्याच्याकडं. वजन एकशे एक्कावन्न किलो. सोल तोलायच्या काट्यावर उभा राहून त्यानंच मला दाखवलंवतं, मी काय मनानं सांगत न्हाय. आणि एवढा वाढला कशानं, हावरटपणानं? अजिबात न्हाय. त्या माणसाला जन्मात कधी 'नको' म्हणता आलं न्हाय. कुणी म्हणायचं, सिद्धाप्पा, अजून एक मिसळ सांगू? बरं. लग्नात वाढपी म्हणायचा, शेठ, चार जिलब्या? बरं. त्याचा बाप एकोणपन्नासाव्या वर्षी जेवता जेवता गेला, चुलता पन्नाशीच्या आत झोपेत गेला, आणि ह्याला अठ्ठेचाळीस संपत आलेलं. झोपेत श्वास अडकायचा, बायको हलवून जागं करायची. बायको म्हंजे शिवगंगा, संकेश्वरची, कानडी वळणाची, नवऱ्याला 'री' म्हणून हाक मारणारी. तीच एक दिवस म्हणाली, री, पुण्याला चला, ऑपरेशन करून घ्या. हा म्हणाला, बरं. ऑपरेशनलासुद्धा नको म्हणता येईना म्हणून माणूस गेलता, तुम्हाला खरं सांगतो.

आता घरी आला. पोटाला पट्टा, हातात छोटी वाटी, वाटीत डाळीचं पाणी, तेसुद्धा अर्धा तास घोट घोट. आणि चालायचं, दिवसातनं तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. घरापासनं डेअरीपर्यंत आणि परत, एवढंच. अवघड हाय का सांगा? रस्ता अवघड न्हाय, रस्त्यावरची माणसं अवघड! पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर गल्लीतली बाळाबाई भेटली, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, आमच्या राधानगरीच्या पावण्याचं असंच पोटाचं केलतं बघ, घरी आला, छान चालत होता, आणि चौथ्या दिवशी दारातच... एवढं बोलून थांबली, पिशवी उचलली, आणि म्हणाली, जपून हं, सिद्धाप्पा.

पुढं सलूनवाला. त्याच्या साडूचा मित्र. मग डेअरीवाला. त्याच्याकडं तर दोघं होते, एक झोपेत गेलेला, एक संडासात. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटाला मान तिरकी करून, आवाज बारीक करून, जपून हं, सिद्धाप्पा. अरे, जपून म्हंजे काय करू? पाय उचलू का न्हाय उचलू? घरी आल्यावर शिवगंगा विचारायची, किती झालं? हा पट्टा सैल करत सांगायचा, बारा मिनिटं, चार मयती.

त्याला दिवसभर धाकधूक. देवघरातल्या बापाच्या फोटोकडं बघायचं त्यानं बंद केलं. चालताना एक हात कायम पोटावर, जसं काय आतनं कुणी दार उघडणार हाय.

ह्या सगळ्या गावात सरळ बोलणारी एकच बाई होती, संघप्रिया मॅडम. हितल्याच हॉस्पिटलात व्यायाम शिकवायच्या, तिशीच्या असतील, बोलणं मोजकं. त्यांनी आठवड्याला पाच मिनिटं वाढवायला सांगितली, खुर्चीवरनं हात न टेकता उठायला शिकवलं, बसल्या बसल्या घोटे वर-खाली करायला लावलं. आणि एक कागद दिला. त्यावर लिहिलंवतं, ताप आला तर यायचं, उलट्या थांबेनात तर यायचं, धाप लागली तर यायचं. आणि चौथं लिहिलंवतंच, वर त्यांनी तोंडानं दोनदा सांगितलं, एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, तर चोळायची न्हाय, शेकायची न्हाय, वाट बघायची न्हाय. सिद्धाप्पानं कागदाची घडी घातली आणि अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवली. शिवगंगेला दाखवला न्हाय. ती आधीच घाबरलेली, तिला अजून कशाला, असं त्याचं म्हणणं.

चौथ्या आठवड्यात तो रंकाळ्यावर जायला लागला, आणि तिथं त्याला गाठला जोतीराम वस्तादानं. जोतीराम वस्ताद म्हंजे सत्तरीचा जुना पैलवान, निम्म्या पेठेची लचक आणि मुरगळा त्यानंच काढलेला, मनानं अगदी सोन्यासारखा. पण हा सिद्धाप्पाचं चालणं बघून हसला. म्हणाला, ह्याला व्यायाम म्हणत्यात व्हय? जरा बैठका मार की. आता हितं काय म्हणायला पाहिजे होतं? डॉक्टरनं सांगितलं न्हाय, मॅडमनी सांगितलं न्हाय, नको. एक शब्द. पण सिद्धाप्पा म्हणाला, बरं. आणि तळ्याच्या कठड्याला धरून त्या माणसानं अकरा बैठका मारल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय दुखले. दुखणारच. तिसऱ्या दिवशी उजवा थांबला, डावा थांबंना. चौथ्या दिवशी डाव्या पायाची चप्पल घट्ट व्हायला लागली. आणि सिद्धाप्पा काय म्हणतोय, तर बैठकांनीच असणार! कागद खिशात, त्यातला शब्द न् शब्द पाठ, आणि माणूस स्वतःला समजावतोय, बैठकांनीच असणार. तुम्ही हसताय, पण तुमचं दुखलं असतं तर तुम्ही काय वेगळं म्हणला असता?

संध्याकाळी वस्ताद स्वतःहून घरी आला. लंगडताना बघितलंवतं ना त्यानं. म्हणाला, शिवगंगा, तेल कोमट कर, दोन हात मारतो, गाठ पळवून लावतो. तिनं आनंदानं केलं, पडवीत सतरंजी टाकली. वस्ताद बसला, सिद्धाप्पाचा डावा पाय त्यानं मांडीवर घेतला, तळहातावर तेल चोळलं. सिद्धाप्पानं पायाकडं बघितलं. पोटरी चकचकीत, ताणलेली, उजवीच्या दीडपट. शिवगंगेनं बोटानं सहज दाबून बघितलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

वस्ताद म्हणाला, "सैल सोड पाय. करू का सुरू?"

सिद्धाप्पाच्या ओठावर 'बरं' आलंवतं. त्यानंच मला सांगितलंय, अगदी ओठावर. अठ्ठेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काय येणार?

"नको," तो म्हणाला.

वस्तादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "चाळीस वर्षं तालमीत पाय चोळलेत मी."

"नको, वस्ताद. हात लावू नका." आणि त्यानं पाय ओढून घेतला, कोपरीतनं कागद काढला आणि शिवगंगेच्या हातात दिला.

तिनं वाचला. पांढरी पडली. एवढंच म्हणाली, "री, हे मला आधी सांगायचं न्हाय?"

रिक्षा बोलावली. वस्तादही तेलकट हातानंच बसला. हॉस्पिटलात डॉक्टरनं पायावर यंत्र फिरवून बघितलं, गुडघ्याच्या मागं शिरेत रक्ताची गुठळी, बोटाएवढी. डॉक्टर तरुण होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, चोळला न्हाय ना? सिद्धाप्पा म्हणाला, न्हाय. डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. शिवगंगेनं विचारलं, चोळला असता तर? डॉक्टरनं बोट पोटरीवरनं वर नेलं, छातीपर्यंत, आणि तिथं थांबवलं. दाराशी उभा असलेला जोतीराम वस्ताद बाहेर बाकावर जाऊन बसला आणि आपल्याच दोन हातांकडं बघत राहिला. पुढं कितीतरी दिवस त्यानं कुणाच्या पायाला हात लावला न्हाय.

मग आठ दिवस पोटात सुया, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. सिद्धाप्पाला वाटलं, चला, आता तरी झोपून राहायला मिळंल. कुठलं काय! डॉक्टरनं परवानगी दिली त्याच दिवशी संघप्रिया मॅडम दारात. आणि तो चालला. खाली मान घालून, मुकाट्यानं, रोज. गल्लीत नव्या गोष्टी तयारच होत्या, आता पायाच्या गुठळीनं गेलेल्यांच्या. जपून हं, सिद्धाप्पा. हा म्हणायचा, नको सांगू, आणि पुढं जायचा. बाळाबाई आठवडाभर रुसली.

वर्ष गेलं. एकोणपन्नास पार झालं, रंकाळ्याचा अख्खा फेरा व्हायला लागला, वजन अठ्ठ्याण्णववर आलं. आता तरी सुखानं जगावं का न्हाय? एक दिवस गडमुडशिंगीचं एक जुनं गिऱ्हाईक दावी घ्यायला आलं. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, म्हणालं, पावणं, थोरलं शेठ कुठं दिसंनात? ते दांडगं होते ते? आता ह्याला सगळं सांगायचं म्हंजे ऑपरेशनपासनं सुरुवात, मग गुठळी, मग वस्ताद, आणि शेवटाला ह्याच्या गावातलं एक मयत ऐकायचं. सकाळपासनं तिघांना सांगून झालंवतं.

सिद्धाप्पा म्हणाला, "गेले."

गिऱ्हाइकानं टोपी काढली. "कशानं?"

"चालून चालून."

त्यानं हळहळ केली, डोळे पुसले, माणूस लाखाचा होता म्हणाला. मग सिद्धाप्पाच्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि विचारलं, धाकटे भाऊ का तुम्ही? सिद्धाप्पानं व्हय म्हणून मान हलवली. तवापासनं, तुम्हाला सांगतो, तो स्वतःचाच धाकटा भाऊ म्हणून दुकानात बसतोय. दुरुस्त कोण करत बसणार?