डमीच्या मांडीवर

ब्रिज खेळणाऱ्यानं सात महिन्यांची पोरगी घेऊन बसू नये, सांगतो तुम्हाला! आमच्यात नियम असा, की भिडू खेळत असताना जो पानं मांडून रिकामा बसतो, त्या डमीनं माझी पोरगी सांभाळायची. रविवारी टीव्हीवर मॅचची शेवटची ओव्हर, माझा जीव खालीवर, आणि माझे भिडू, दीपनगरचे नाना, सलग चौथ्यांदा डाव माझ्या गळ्यात घालून डमी झाले. पानं मांडली, तर तीन एक्के!

"नाना, एवढी पानं असून तुम्ही का नाही खेळत?" मी ओरडलोच.

नाना टीव्हीकडे पाठ करून बसले होते.

"हळू बोल ना भो, आत्ताच झोपली. मी खेळलो, तर ही तुझ्याकडे जाईल ना!"