दौलतरावांच्या नावाची नळी

वर्षाली : बाही वर घ्या, दौलतराव काका. मागच्यासारखीच एक नळी, दोन मिनिटांचं काम.

हिंदुराव : सुई ऱ्हाऊ दे, पोरी. खुर्ची जवळ वढ. एक गोष्ट सांगतो, कीर्तनात सांगावी अशी. फकस्त तिच्यात शहाणपण लई उशिरा येतं.

वर्षाली : काका, मला अकराला चाकणच्या शिबिराला पोचायचंय.

हिंदुराव : मग थोडक्यात ऐक. मी दौलतराव न्हाई. मी हिंदुराव.

वर्षाली : काय? सहा महिन्यांपूर्वी याच देवळात, याच हाताचं रक्त घेतलंय मी!

हिंदुराव : व्हय, याच हाताचं. तू दौलतरावाचं नाव पुकारलंस, त्यो सप्त्यात अभंगाची चाल म्हनत उभा हुता, आन मी हात पुढं केला.

वर्षाली : पण का?

हिंदुराव : जळत हुतो गं. एकाच कंपनीत लागलो, सुपरवायझर त्यो. टाळकऱ्यांत बुवांच्या उजव्या अंगाला त्यो. आन त्या दिशी तुमच्या यादीतबी त्योच! म्हनलं, याचं रक्त तपासाया पुण्याचे डॉक्टर येत्यात, मग माझं काय नळाचं पानी हाय?

वर्षाली : अहो, त्यांचे दोन सख्खे भाऊ स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले, म्हणून कॅन्सर लवकर सापडावा यासाठी ते तपासणीच्या यादीत! तो काय मान होता?

हिंदुराव : तवा मला मानच वाटला.

वर्षाली : आणि आपण रक्त दिलंच नाही, हे त्यांना कळलं नाही?

हिंदुराव : त्याच दिशी शुगरच्या टेबलावर बोट टोचून घेतलं त्यानं. त्याला वाटलं, हेच ते. मग तुमचा फोन आला, रिपोर्ट चांगला हाय म्हून. देवळात पेढे वाटले त्यानं. मी दोन खाल्ले.

वर्षाली : तो फोन मीच केला होता. तरी स्कॅन करून घ्या, असंही सांगितलं होतं.

हिंदुराव : त्यो म्हनला, रक्त साफ हाय तर मशिनीत कशाला झोपू?

वर्षाली : आता कसे आहेत?

हिंदुराव : शुगर नव्यानं निघाली. धोतर कमरंला ठरंना. गेल्या एकादशीला मला म्हनला, "उजवीकडं तू उभा ऱ्हा, हिंदू. माझ्यानं आता उभं ऱ्हावत न्हाई." वीस वर्सं झुरलो त्या जागंसाठी. ऱ्हायलो उभा. पयल्या अभंगाला लई गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याला त्याच्याकडं बघितलं. खांबाला टेकून बसला हुता. माझा सूरच निघंना.

वर्षाली : (फोन काढत) नंबर सांगा त्यांचा. आधारकार्ड न बघता सुई टोचली, माझीही चूक आहेच. रक्त आजच घेऊ, पण त्यावर थांबायचं नाही. रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांचा अजून अभ्यासच चाललाय. शुगर नव्यानं निघाली, वजनही उतरतंय ना, मग स्कॅन आधी.

हिंदुराव : वेळ गेली असंल का गं?

वर्षाली : ते मला नाही सांगता येणार. लवकर सापडलं तर ऑपरेशन करता येतं, एवढं खरं.

हिंदुराव : फोन नगं. मीच जाऊन आणतो. वाटंत समदं सांगतो त्याला.

वर्षाली : चिडतील.

हिंदुराव : चिडू दे. चार लोकांत थोबाडीत मारू दे. तू थांबशील न्हवं?

वर्षाली : थांबते. चाकणला कळवते उशीर होईल म्हणून.

हिंदुराव : आन पोरी, घरी देवापुढं हात जोडशील तवा दौलतरावाची आठवण ठेव. लई गोड गातो त्यो. माझ्यापरीस गोड.