पाइपात शिरलेला लोच

माशांच्या टाकीचं पाणी बदलणं सोपं असतं, असं मला कुणी सांगू नका! मी दोन लोच मासे आणलेले, करंगळीएवढे, सारखे वाळूत दडणारे. आमच्याकडे राहायला आलेले निरवांगीचे माझे सासरे, तात्या, पक्के माळकरी, मांसमच्छी न शिवणारे. मी माशांना सुकी गांडुळं घालायला लागलो, की ते तोंड फिरवायचे.

त्या रविवारी पाइपनं पाणी काढताना एक लोच आत शिरला आणि मधेच अडकला. पाइप पारदर्शक, सगळं दिसत होतं. मी उलटं फुंकलं, तर तो जास्तच रुतला. कल्ले मंद हलायला लागले.

"पाइप कापू का?" मी विचारलं.

"मासा कापला जाईल. सरका पावनं," तात्या म्हणाले. "शेतात चारीचं पाणी जल्मभर पाइपाला तोंड लावूनच वढलंय."

"तात्या, गळ्यात माळ हाय!" बायको ओरडली.

तोवर त्यांनी पाइप तोंडात धरून ओढलंसुद्धा. गाल टम्म फुगले, डोळे विस्फारले. तात्या टाकीवर वाकले, तोंड उघडलं, आणि लोच सुर्रकन वाळूत घुसला.

तात्यांनी खळखळून चुळा भरल्या, माळ सारखी केली.

"आता ह्येला गांडुळं घालू नगा. माळकऱ्याच्या तोंडातनं आलाय त्यो!"