सत्तेचाळीस खुर्च्या आणि दाजींचा ड्रायव्हर

नाही, पण मला सांगा, मालकीणबाई खुर्चीत डोकं खाली पाय वर अडकल्या ह्यात दाजींचा काय दोष? तिळभर तरी? पण नाही! ड्रायव्हर कुणाचा? दाजींचा!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत. लग्न ठरताना ते एवढंच म्हणाले, "मी कर्नेलचे ड्रायव्हर लिहितो," तर आमच्या बाबांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, जावई कर्नलसाहेबांची गाडी चालवतो! असो...

तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल, आणि त्यात बसून खुर्चीशी बोलणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. खुर्चीच्या पोटात चिप, चिपमध्ये खुर्चीची अक्कल, तिचं नाव फर्मवेअर. नवी अक्कल आली की ड्रायव्हरनं ती भरायची, पण आधी जुनी पुसायची. मधेच वीज गेली? संपलं! जुनी गेली, नवी आली नाही, खुर्ची ठार वेडी!

दाजी म्हणाले, "साहेब, चिपमध्ये दोन कप्पे ठेवू. नवी अक्कल रिकाम्या कप्प्यात भरू, तपासू, मगच जुनीला सुट्टी." साहेबाला पाठीमागे सगळे झटपट म्हणायचे. तो म्हणतो, "दोन कशाला हो? मला एकच डोकं आहे, माझं कधी अडलंय?" आता ह्यावर काय बोलणार? बोलण्यासारखं खूप होतं! पण साहेब पडला ना! झटपटनं कप्पा उडवला, पडद्यावरची "खुर्ची बंद करू नका" ही सूचनासुद्धा उडवली... म्हणे, डॉक्टर घाबरतात!

आणि उजाडला तो दिवस. कंपनीच्या मालकीणबाई स्वतः खुर्चीत आडव्या. झटपट म्हणतो, "मॅडम, तुमच्या एका बोटानं आज सत्तेचाळीस दवाखान्यांत नवी अक्कल!" त्यांनी बटण दाबलं. बत्तीस टक्के... एकावन्न टक्के... आणि झटपटला आठवलं, मोबाइल मरायला टेकलाय. तुम्हाला सांगतो, त्या माणसानं भिंतीतला खुर्चीचा प्लग उपटला आणि तिथे स्वतःचा चार्जर खुपसला! दाजी ओरडले, "अहो! अहो! अहो!" पहिल्याच अहोला खुर्ची गेलेली, जाता जाता डोक्याकडून खाली झुकून. मालकीणबाईंना चौघांनी ओढून काढलं, पाय आधी. तिकडे दवाखान्यांत सूचनाच नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी रोजच्यासारख्या खुर्च्या पुसायला बंद केल्या... सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस ठार! मालकीणबाई केस सावरत विचारतात, "ड्रायव्हर कुणाचा?" झटपट, मोबाइल कानाला लावून, बोट दाखवून, "ह्यांचा!"

झालं! प्रत्येक दवाखान्यात दाजींनी जायचं, खुर्चीखाली शिरायचं, वायर जोडून अक्कल हातानं भरायची. आणि डॉक्टर वरून विचारणार, "ड्रायव्हर कुणाचा?" खालून आवाज, "माझा..." बरं, खुर्ची सुरू झाली की सुटका? छे! "बसा बघू, नीट चालते का पाहू. आ करा. अरेरे, ही दाढ ठेवण्यात अर्थ नाही हो!" दहा-दहा दिवस धंदा बंद पडलेला डॉक्टर, त्याच्या हातात पक्कड, आणि तुमचं तोंड उघडं... नाही म्हणणार कसं? कुठल्या तोंडानं? गेल्या तीन दाढा!

एकोणतिसाव्या दवाखान्यात तर कहरच. खुर्ची शुद्धीवर आली की आधी एकदा खालीवर होते, आपली जागा शोधते. दाजी वाकून वायर काढत होते, पाय ठेवायची फळी आली सणकन... समोरचे दोन! दाजी तोंड धरून जमिनीवर, आणि डॉक्टरीणबाई वाकून म्हणतात, "चालते की!"

घरी ताईनं रडून गोंधळ घातला. दाजी तिचीच समजूत काढतात, "अगं, पण फगळ्या खुर्च्या फुरू झाल्या ना!"

झाल्या. सगळ्या. आणि इतक्या वेगानं दुरुस्ती करून घेतल्याबद्दल बढती कुणाला? झटपटला! सत्कार, हार, भाषण. दाजींनाही बोलावलं हं, नाही कसं म्हणू, मागच्या रांगेत. नवा शर्ट घालून, मान उंच करून उभे. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, म्हणाला, "चला, सगळ्यांनी मोठ्ठं हसा!" मग जरा थांबला, कॅमेरा खाली घेतला...

"मागचे काका, तुम्ही सोडून."